पाच फुटी दुखणं

देवाला दृष्टी देणारा माणूस आमच्या पेण तालुक्यात एकच होऊन गेला.

वाक्य भारदस्त आहे. ते मीच लिहिलं होतं, एका मानपत्रात, सत्कार करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी 'जरा वजनदार होऊ द्या मास्तर' असं तीनदा बजावल्यावर. खरं सांगायचं तर गणपतीचे डोळे काढणारे हात हमरापूरच्या बाजूला गल्लीगणिक सापडतात. आणि ज्यांच्याबद्दल मी ते वाक्य लिहिलं, त्या नारूदादा म्हात्र्यांना स्वतःला हातभर अंतरापलीकडचं धड दिसत नव्हतं. माणूस ओळखायचा तो चपलांच्या आवाजावरून. मानपत्र त्यांनी नाकाजवळ धरून दोन ओळी वाचल्या आणि शालीत गुंडाळून ठेवलं. मानपत्राचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही. शालीचं काय झालं ते सांगणार आहे.

त्या काळात मी पेणजवळच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि रामवाडीत भाड्याने राहत होतो. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून नारूदादांच्या कारखान्यात जाऊन बसायचं, ही माझी एकमेव चैन. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, आत फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, आणि शेडला एकच बुटकं दार. मी पहिल्या दिवशी त्या दाराला कपाळ आपटलं. नारूदादांचं कपाळ कधीच आपटलं नाही, कारण त्यांची उंची पाच फुटांना इंचभर कमीच होती.

मूर्तीचे डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. नारूदादा 'आखनी' म्हणत. ण आणि ळ ही दोन अक्षरं त्यांच्या तोंडात नव्हती. आयुष्यभर ज्यावर पोट भरलं तो अवयव त्यांच्या लेखी 'डोला' होता. मुलांचे असले उच्चार सुधारण्यासाठी सरकार मला पगार देत असे. नारूदादांचे सुधारण्याची मला कधी हिंमत झाली नाही.

आखणीला बसले की ते शून्य नंबरचा ब्रश रंगात बुडवत, टोक ओठांवर फिरवून टोकदार करत, छाती भरून श्वास घेत आणि थांबत. रेघ पुरी होईपर्यंत श्वास बंद. मग 'हां' म्हणून सोडत. शेडमधली बाकीची माणसं दिवसभराचं काम त्या 'हां'वर मोजत. कुणी पाहुणा समोरच्या मूर्तीला हात जोडू लागला की ते म्हणत, "पाया कशाला पडताव? अजून माल हाय तो." त्यांचा हिशेब स्पष्ट होता. आखणी होईस्तोवर माल, घरी नेईस्तोवर मूर्ती आणि भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली की देव. देवाशी त्यांचा धंदेवाईक संबंध तिसऱ्या पायरीच्या आधीच संपत असे.

सत्काराच्या दिवशी त्यांना 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. त्यांनी माईक हातात धरला, ब्रश धरावा तसा, आणि म्हणाले, "पयला डोला कोन पन काढील. दुसरा डोला पयल्याशी जुलवाचा, त्यान कारागीर कलतो." आणि बसले. सभेला वाटलं, हे संसाराबद्दल आहे. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पुढे दोन वर्षं प्रत्येक लग्नात ते वाक्य वापरलं. नारूदादांना म्हणायचं होतं ते फक्त डोळ्यांबद्दल.

एकदा एका मंडळाचे पुढारी चार कार्यकर्ते घेऊन आले. पाच फुटी गणपती हवा होता, पण नजर रागीट हवी होती. "शत्रूला धडकी भरली पाहिजे," पुढारी म्हणाले.

"शत्रू कोन?" नारूदादांनी विचारलं. "बाजूच्या आलीतला मंडल?"

कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागले. शत्रू तोच होता.

"माझ्याकं एकच नजर हाय," नारूदादा म्हणाले. "घरात आलेला पावना जशी ताटाकं बघतो, तशी. पायजे त सांगा."

पुढाऱ्यांनी घेतला तोच गणपती. मला वाटतं त्या वर्षी शत्रूला फारशी धडकी भरली नसावी.

नारूदादांना सगळं मूर्तींच्या मापात कळायचं. आठ इंची, एक फुटी, दीड फुटी, तीन फुटी. शाळेच्या वार्षिक समारंभातली भाषणं ऐकून आले की 'आमदार दोन फुटी बोलला, पन तुमचा हेडमास्तर चार फुटी' असा अहवाल मिळे. जावई बघून आले तेव्हा सुनंदाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीला, त्यांनी सांगितलं होतं, "पोरगा दीड फुटी हाय गो. पन रंग उडाचा नाय." तो रंग आजही टिकून आहे. सुनंदा रोह्याला नांदते. पुढे माझीही बदली रोह्याला झाली, मी तिथेच निवृत्त झालो आणि तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर घर बांधलं. म्हणून ही पुढची गोष्ट मला जवळून दिसली.

नारूदादांना शौचावाटे रक्त जात होतं. त्यांनी त्याला मूळव्याध असं नाव देऊन एक अख्खा गणपतीचा हंगाम काढला. जन्मभर रंगात हात घातलेल्या माणसाला लाल रंगाचं काय कौतुक, असं मी नंतर त्यांना म्हणालो. त्यावर ते हसले नाहीत. सुनंदाने जवळजवळ ओढतच मुंबईला नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शिमगा झाल्यावर ऑपरेशन झालं, आतड्याचा वीतभर तुकडा काढला आणि जोड भरून येईपर्यंत काही महिने पोटावर पिशवी लावली. शौच त्या पिशवीत होणार. गावचं घर म्हणजे कारखान्याचंच मागचं अंग, जेवणाच्या ताटावरही प्लास्टरची धूळ बसायची. म्हणून डॉक्टरांनी तिकडे पाठवलं नाही. नारूदादा रोह्याला लेकीकडे आले, हातात एक पिशवी, पोटावर एक पिशवी आणि काखेत ती सत्काराची शाल.

मुंबईच्या डॉक्टरांनी एक वही घालायला सांगितली होती. रोज सकाळी दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. आठ दिवसांनी ती वही रोह्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवायची. साध्या गोळ्या रोजच्या होत्या. जास्त ताकदीच्या गोळ्या वेगळ्या दिल्या होत्या, दुखणं सातच्या वर गेलं तरच घ्यायच्या.

"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं," सुनंदा म्हणाली. "आन् माझ्याशी ते खरं बोलायचे नाय. तुमीच विचारा."

मी विचारलं. "दादा, दुखणं किती आहे?"

"हाय."

"आहे ते कळलं. आकडा सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे याच्यापुढे दुखणं असूच शकत नाही, असं."

ते आढ्याकडे बघत राहिले. बहुधा आढं त्यांना दिसत नव्हतं. मग म्हणाले, "पाच फुटी."

मला हसू आलं. माणूस आतड्यापर्यंत कापला तरी माप सोडत नाही, असं काहीतरी मनात आलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पाच.

त्यांनी वही माझ्याकडून मागून घेतली. समासात पेनाने दोन डोळे काढले, बुबुळासकट. "आषाढात आखनी हाय," ते म्हणाले. "हात चालू ऱ्हायला पायजे."

एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. बरं व्हायचं ते आषाढापर्यंत. जगण्यामरण्याबद्दल ते काही बोलत नसत. आखणीबद्दल रोज बोलत. यंदाचा माल पुतण्या करत होता, रंगही देत होता, पण डोळे त्याने कोरे ठेवले होते. "तो पयला डोला बरा काढतो," नारूदादा म्हणत. बस्स. दुसऱ्याबद्दल काही बोलत नसत, म्हणजे कळायचं ते कळलं.

रोज सकाळी नऊला मी जायचो. पाच, साडेचार, पाच, पाच. त्यांनी कधी कण्हल्याचं मी ऐकलं नाही. पण ते खोकायचे नाहीत. खोकला आला की ओठ मिटून गिळून टाकायचे. छातीत कफ धरायला नको म्हणून मुंबईच्या नर्सने सांगितलं होतं की पोटावर उशी घट्ट धरून खोकायचं आणि रोज थोडं चालायचं. ते दारापर्यंत जात आणि भिंत धरून उभे राहत. भाताचे चार घास खाऊन ताट सारत. सुनंदा म्हणे, "बाबा, जास्त दुखतं का?" ते म्हणत, "सांगितला ना मास्तरांना. पाच." पाच म्हणजे मध्यम. सुनंदा माझ्याकडे बघे, मी वहीकडे. वहीत चूक नव्हती. जास्त ताकदीच्या गोळ्यांची पट्टी देवघरातल्या फळीवर अख्खी पडून होती.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, ही पिशवी लावून देवाचे डोले काढलेले चालतील काय? सोवल्या-ओवल्याचा काय?"

मी सोवळ्याओवळ्यावर बोलायला अगदीच गैरलायक माणूस. तरी वाचलेलं आठवून काहीतरी म्हणू लागलो, शरीर काय, शुद्धी काय. ते ऐकत होते, पण कपाळावर घाम होता आणि लक्ष नव्हतं. मी थांबलो. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण वहीत पाच लिहिलेलं होतं आणि लिहिलेल्यावर माझा विश्वास फार.

आठवड्याने डॉक्टरीणबाई घरी आल्या. तरुण बाई, रोह्यातच वाढलेल्या. वही चाळताना त्या आकड्यांकडे न बघता समासाकडे बघत होत्या.

"हे कोणी काढलं?"

"बाबांनी. रोज काढतात," सुनंदा म्हणाली.

बाईंनी वही माझ्यासमोर धरली. पहिले डोळे सगळे एकासारखे एक होते. दुसरा डोळा तिसऱ्या दिवसापासून कलायला लागला होता. पाचव्या दिवशी तो पहिल्यापेक्षा बोटभर खाली होता. सातव्या दिवशीचं बुबुळ डोळ्याच्या बाहेर पडलं होतं.

"आकडा तोच आहे," त्या म्हणाल्या. "मग डोळा का बिघडतोय?"

त्या नारूदादांच्या कॉटवर टेकल्या. "आजोबा, पाचच्या वर काय असतं?"

"वर?" नारूदादा म्हणाले. "वर दार."

"कसलं दार?"

"कारखान्याचा. साडेपाच फूट हाय. पाच फुटीच्या वर आमी माल करीतच नाय. भाएर काढाचा कसा?"

सुनंदाने डोळ्यांना पदर लावला आणि मी वहीकडे पाहिलं. त्या माणसाने पहिल्या दिवसापासून मला सांगितलं होतं की याच्याहून मोठं दुखणं दारातून बाहेर निघणार नाही. आणि मी ते दहातले पाच म्हणून सुवाच्य अक्षरात लिहीत आलो होतो.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, आजोबा?"

"बोल्लो ना. रोज बोल्लो," नारूदादा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मना वाटला, पाचावर पन इलाज नसंल. मंग सोसाचा."

बाईंनी पोट तपासलं, जखम पाहिली, ताप पाहिला, पिशवीच्या भोवतालची कातडी पाहिली. नवं काही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी तिथूनच मुंबईला फोन लावला आणि जवळजवळ दहा मिनिटं बोलल्या. मग फळीवरची पट्टी मागवली. "आजपासून दुखण्याची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या. "गोळी घड्याळावर घ्यायची. दुखो न दुखो. कमी कधी करायची ते मी सांगेन."

नारूदादा पट्टी नाकाजवळ धरून बघत होते. "गोलीन हात निजंल माझा."

"आणि दुखण्याने जागा आहे का?" बाईंनी वही उघडून सातव्या दिवसाचं पान त्यांच्यासमोर धरलं. "हा तुमचाच ना?"

त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. आपलं काम दुसऱ्याच्या नजरेने पाहणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं असावं. "काय वंगाल काढलाय," ते म्हणाले, आणि सुनंदाकडे हात केला. "पानी आन गो."

दुसऱ्या दिवशी नऊला मी गेलो तर ते झोपले होते. तोंड उघडं, एक हात शालीवर. मी बसून राहिलो आणि परत आलो. त्या दिवशीच्या रकान्यात आकड्याऐवजी 'झोपलेत' असं आहे. माझ्या सगळ्या लेखनात मला समाधान देणारा शब्द तो एकच.

तिसऱ्या दिवशी ते खोकले. शालीची घट्ट गुंडाळी करून ती पोटावर दाबली आणि अख्खी गल्ली ऐकेल असे खोकले. उशी त्यांना नको होती. "उशी मऊ पडते," ते म्हणाले. "हिला जरीचा काठ हाय, कडक हाय." सत्काराच्या शालीचा असा उपयोग होतो हे मी अध्यक्षांना कळवणार होतो, पण राहून गेलं. मग चालणं सुरू झालं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग कुंडलिकेच्या काठापर्यंत. मी बरोबर असायचो. ते नदीकडे बघायचे नाहीत, दिसायचीच नाही. "पानी वाजतंय," एवढं म्हणायचे. आकडे उतरत गेले. चार, तीन, अडीच. मी आता दर वेळी विचारून घ्यायचो, "फुटात की दहात?" ते म्हणायचे, "फुटात. तुमी दुप्पट करा." फुटांतले सगळे आकडे मी दुप्पट करून लिहिले. समासातला दुसरा डोळा हळूहळू वर सरकत पहिल्याच्या ओळीत आला. डॉक्टरीणबाई आकडे वाचायच्याच नाहीत. डोळे बघायच्या आणि गोळी कमी करायच्या.

आषाढात आम्ही रोह्याहून गाडी धरली. पिशवी अजून होतीच. ती दिवाळीनंतर निघाली. एव्हाना गोळ्या थोड्याच राहिल्या होत्या आणि गोळीच्या वेळांची नारूदादांनी आपल्या सोयीने भाषांतरं केली होती. निडी स्टेशन आलं की त्यांनी पाण्याची बाटली उघडली. "निडीला घेतली की पेन येस्तोवर लागते," ते म्हणाले. नागोठणं गेल्यावर मला सोवळ्याचा प्रश्न आठवला. म्हटलं, "दादा, पिशवीचं काय ठरवलंत?"

"त्यान काय ठरवाचा?" ते म्हणाले. "आखनी होईस्तोवर तो मालच ना?"

मी इतकी पुस्तकं वाचून जे सांगू शकलो नव्हतो, ते त्यांच्याकडे पहिल्यापासून तयार होतं. फक्त दुखत असताना सापडलं नव्हतं.

कारखान्यात पुतण्याने रांगा लावून ठेवल्या होत्या. शेकडो गणपती, सगळे रंगलेले, सगळे आंधळे. नारूदादांनी शाल पोटाला पट्ट्यासारखी बांधली, खुर्चीत बसले आणि पहिली मूर्ती म्हणून माझ्या घरी यायची तीच घेतली, एक फुटी. ब्रश ओठांवर फिरवला. छाती भरली. पहिला डोळा झाला. हां. पुतण्या फळीशी उभा होता, त्याच्या हातात रंगाची वाटी तशीच. पुन्हा छाती भरली. ब्रश टेकला आणि थांबला. एक क्षण वाटलं, झालं, दुखलं. मग रेघ निघाली, बाकदार, एका दमात, शेवटपर्यंत.

ते 'हां' म्हणाले नाहीत. मान न वळवता म्हणाले, "सोडा आता श्वास, मास्तर. तुमी कशाला धरलाव?"

त्यानंतर त्यांनी तीन हंगाम काढले. दर वर्षी मूर्ती न्यायला जायचो तेव्हा चित्र हेच असे, खुर्ची, ब्रश, पोटाला शाल. त्यामुळे त्यांची शेवटची आठवण म्हणून मी त्या दिवशीचीच आखणी धरून ठेवली आहे. नंतर आजार यकृतात उलटला आणि गेल्या वर्षी ते गेले. अखेरच्या दिवसांत दुखणं आवाक्यात राहिलं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. वही तेव्हा सुनंदाच लिहीत होती. पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'बाबांचे पाच म्हणजे दहा.' प्रत्येक नवी नर्स आली की ती आधी ते पान दाखवायची.

महिन्याभराने सत्कार करणाऱ्या त्याच मंडळाने श्रद्धांजलीची सभा घेतली. अध्यक्ष नवे होते, वाक्य जुनंच होतं. नारूदादांचा रंगीत फोटो, सहा फूट बाय सहा फूट, लोखंडी चौकटीत, खाली सोनेरी अक्षरांत, 'देवाला दृष्टी देणारा माणूस'. सभा संपल्यावर तो कारखान्यात, त्यांच्या खुर्चीच्या मागे लावायचा, असं ठरलं. आठ जणांनी तो मिरवत आणला. दारातून जाईना. आडवा करून पाहिला. चौरसच असल्यामुळे काही फरक पडला नाही. अध्यक्ष म्हणाले, दार किती आहे? मी दादांनी सांगितलेला आकडा सांगितला, साडेपाच फूट. पुतण्याने आतून टेप आणली आणि लावली.

दार पाच फूट एक इंच होतं. पाच फुटीच्या वर उरत होता तो एकच इंच.